वासंतीताईंना दिलेला सल्ला

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला नाही. इथे न्यूझीलंडमध्ये आम्हा समुपदेशकांना महिन्यातून एकदा एका ज्येष्ठ बाईंपुढे बसून स्वतःचं मन तपासून घ्यावं लागतं, तर त्या बाईंनाही मी बारा वर्षांत याचा पत्ता लागू दिलेला नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पोरिरुआच्या एका शाळेत मी मुलांची समुपदेशक आहे. नको असलेलं सत्य टाळायला माणसाचं मन ज्या युक्त्या करतं, त्या संरक्षण यंत्रणा मला तोंडपाठ आहेत. आपल्या मनातलं पाप दुसऱ्याच्या माथी मारणं—ते प्रक्षेपण. जिचा राग येतो तिच्यावरच मायेचा वर्षाव करणं—त्यालाही नाव आहे. पालकांना मी हे फार छान समजावते. काही जण तर वहीत लिहून घेतात.

तर—वासंतीताई. जॉन्सनव्हिलला आमच्या शेजारच्या घरात राहायच्या. मूळच्या सांगलीच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, नवरा इंजिनिअर, मूलबाळ नाही. माझी सई तीन वर्षांची झाल्यापासून दुपारची त्यांच्याकडे असायची. माझ्याशी ती इंग्रजीत बोलायची. इथे जन्मलेल्या पोरांचं असंच असतं, मराठी कळतं पण ओठांवर येत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. एका संध्याकाळी तिला आणायला गेले, त्यांच्या मागच्या दाराशी पायातल्या जंडल्स, इथल्या रबरी चपला, काढत होते आणि आतून सईचा आवाज आला. मराठीत. न थांबता, न अडखळता—कुणीतरी तिचे पोहायचे टॉग्ज लपवले, मग कोण रडलं, मग मावशी तुला अजून एक गंमत सांगू का. मी आत गेले. सईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मम, फाइव्ह मोअर मिनिट्स."

माझ्या पोटात दुखलं. दुसरे शब्द कशाला शोधू? मी जळले. दिवसभर मी लोकांच्या पोरांना बोलतं करते, आणि माझी पोर आपलं सगळं बोलणं शेजारणीसाठी राखून ठेवते? त्यानंतर मी काय केलं असेल—भांडले? छे. मी वासंतीताईंचं कौतुक सुरू केलं. ऑकलंडला गेले की तिथल्या सँडरिंगहॅम भागातल्या भारतीय दुकानातून त्यांच्यासाठी बाकरवडी, पेढे, एकदा तर साडीसुद्धा. चारचौघांत म्हणायचे, त्या आहेत म्हणून माझी नोकरी टिकली. लोक म्हणायचे, मेघनाचं मन किती मोठं. आणि घरी आलं की सईच्या केसांना त्यांच्या फोडणीचा वास येतो म्हणून तिला आधी न्हाणीघरात न्यायचे.

मग सई पाच वर्षांची झाली. इथे पाचवा वाढदिवस झाला की मूल लगेच शाळेत जातं, वर्गात ओळखीचं कुणी असो वा नसो. सई गेली, आणि अंथरूण ओलं करू लागली. यात नवल काहीच नाही. घाबरलेलं मूल चार पावलं मागे, बाळपणात जाऊन बसतं, आणि काही आठवड्यांत आपोआप परत येतं. हे मी कितीतरी आयांना सांगितलं आहे. म्हणजे हे मला ठाऊक होतं—एवढं नीट लक्षात ठेवा. माझ्या हातून चुकून काही झालं नाही.

एका शनिवारी सकाळी मी वासंतीताईंकडे चहाला गेले. पालकांशी बोलताना मी एक आवाज लावते, हळू, समजूतदार, हात मांडीवर. त्याच आवाजात मी—कसं सांगू?—मी म्हटलं की सई अंथरूण ओलं करते आहे. या वयात मुलाला एकच आई लागते. दोन आया झाल्या की मूल आतून गोंधळतं, आणि ते असं बाहेर पडतं. शास्त्रच आहे तसं, म्हटलं. असं कुठलंही शास्त्र नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्यामुळे होतंय का गं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"बरं झालं सांगितलंस, मेघना," त्या म्हणाल्या. "मला बाई यातलं काय कळतंय. तू शिकलेली."

सोमवारपासून त्यांनी सईला घरात घेणं बंद केलं. रागाने नाही, तिच्या भल्यासाठी. मी आठवडाभर रजा काढली होती. शाळेतून आल्यावर सई पळत जायची, त्यांच्या दारावर थापा मारायची, "मावशी, मी आलेय!" आत रेडिओ चालू असायचा. दार उघडायचं नाही. मी आमच्या खिडकीतून बघत राहायचे. चौथ्या दिवशी ती गेलीच नाही.

तीन आठवड्यांनी अंथरूण कोरडं राहू लागलं. ते राहणारच होतं. वासंतीताई कुंपणापाशी शिऱ्याचा डबा घेऊन आल्या, माझा हात धरला, डोळे भरलेले. "तू म्हणालीस तेच खरं निघालं गं." मी शिरा घेतला. घरी येऊन खाल्लाही. चांगला झाला होता.

वर्षभरात ती दोघं नवराबायको ऑकलंडला राहायला गेली. दिवाळीला अजून फोन येतो. सईला दे, असं त्या कधी म्हणत नाहीत, नुसतं विचारतात, बरी आहे ना? मी म्हणते, मजेत आहे.

सई आता सतरा वर्षांची आहे. तिचं मराठी पुन्हा मी ऐकलं नाही. मला मिळेल असं वाटलं होतं, ते मलाही मिळालं नाही. कुणी घरी बोलावलं तर ती दोनदा विचारते, त्यांना खरंच चालेल ना? मैत्रीण जरा जवळ आली की हीच आधी लांब होते. दुसऱ्या कुणाच्या मुलीत मला हे दिसलं असतं, तर ते कुठून आलं हे शोधल्याशिवाय मी राहिले असते का?

गेल्या महिन्यात पोरिरुआहून घरी येताना, गाडीत, ती अगदी सहज म्हणाली की लहानपणी शेजारी एक मावशी होती, ती अचानक तिला कंटाळली. "आय गेस आय वॉज टू मच फॉर हर." गाडीत आम्ही दोघीच होतो. घर अजून दहा मिनिटांवर होतं. सांगायला तेवढा वेळ पुरला असता. मग तीच माझ्याकडे वळून हसली. "ॲट लीस्ट यू स्टेड, मम."

आणि मला काय वाटलं? लाज? लाज नंतर आली, घरी पोचल्यावर. गाडीत मला आधी आनंद झाला. अगदी आतून. मी जिंकले होते. मी तिचा गुडघा थोपटला आणि म्हटलं, "हो गं बाळा. मी आहे ना."