थेटरातली तबकडी

"ही खोलीतली हाय. मला न्हाई पायजे."

धुळाप्पानं सुई उचलली, तबकडी यंत्रावरनं काढली आणि हुसेनसाबच्या हातात दिली. हुसेनसाबचं बाजारात फोनोचं दुकान. गिऱ्हाईक तसं बरं यायचं, पण धुळाप्पा आला की तो घड्याळाकडं बघायला लागायचा.

"पूरी सुन्या भी नहीं तू," हुसेनसाब म्हणाला. "गाना वहीच हय, गानेवाला वहीच हय. खोली से तेरे को क्या करना हय?"

"गानं त्येच आसंल. पर ऐकनारं कुटं हायती? एक खोकत न्हाई, एक पोर रडत न्हाई, शेंगा फोडल्याला आवाज न्हाई. मान्सं मेली का काय समदी?"

"बंद खोली में बनती हय रेकॉर्ड, उसमें मान्सं कैसे आयेंगे?"

"त्येच म्हंतोय की मी. आन शेवटाला तर लईच. दमयंती रानात नवऱ्याला हुडकत रडतीया, आन रडून झालं की लगीच सोताचं नाव सांगतीया, 'मी मास्तर अमुक, मुक्काम तमुक.' रडनाऱ्या बाईला मुक्काम सुचतुया व्हय?"

हुसेनसाबनं तबकडी पाकिटात घातली. धुळाप्पानं ती दोन घटकांनी परत मागितली, विकत घेतली आणि काखेत मारून घरी नेली. दर वेळचं हे असंच होतं.

धुळाप्पा मूळचा मंद्रूपचा. बाप घोंगड्या विणायचा, आजा घोंगड्या विणायचा, आणि धुळाप्पाला दुसरं काही येत नव्हतं म्हणून तोही विणायचा. बापानं सोलापुरात बिऱ्हाड केलं, दारात माग घातला. विशीच्या आत धुळाप्पा एकदा नाटकवाल्यांच्या बिऱ्हाडी घोंगड्या पोचवायला गेला. त्यांनी पैशाच्या बरोबर पिटाचं तिकीट हातावर ठेवलं. पिट म्हणजे थेटरात अगदी पुढं, जमिनीवर बसायची जागा. तिथं तो बसला तो पुढची पंधरा वर्षं उठला नाही म्हटलं तरी चालेल.

गाण्यातलं त्याला काय कळायचं, तर काही नाही. राग म्हणजे बायकोला, बजाबाईला येतो तो, एवढंच त्याला माहीत. पण गळा मात्र पोरपणी मंद्रूपला मेंढरं वळून वळून असा सुटलेला, की त्यानं "वन्समोर" म्हणून आरोळी ठोकली की माडीवरच्या वकिलांच्या मांडीवरचे पानाचे डबे उलटायचे. गाणं आवडलं की पिटानं आरोळी द्यायची आणि नटानं ते पुन्हा म्हणायचं, हा नाटकाचा कायदाच होता. नटांना धुळाप्पा हवा असायचा. दाराशी त्याला कुणी तिकीट विचारायचं नाही. "काय बे, आज गळा ठीक हाय न्हवं?" एवढंच विचारायचे. गाण्याची चार अक्षरं न येणाऱ्या माणसाला गाणाऱ्यांच्यात मान मिळाला, की तो माणूस जन्माचा वाया जातो. धुळाप्पा गेला.

मग बोलपट आले. पडद्यावरच्या बाईला किती बी वन्समोर द्या, ती आपली पुढंच जाते. नाटक मंडळ्या एकेक करून बसल्या. धुळाप्पाचा गळा बेकार झाला आणि त्या भरात त्यानं एक जुना फोनो घेतला. कर्ण्याला भोक होतं, ते लोकरीच्या सुतानं बांधलं. तीन-चार वर्षांत नाटकाच्या पदांच्या एकतीस तबकड्या जमवल्या. लाकडी पेटीत, प्रत्येकीच्या मध्ये घोंगडीचा तुकडा घालून ठेवलेल्या. आणि त्या एकतीसपैकी एकही त्याला पसंत नव्हती. घ्यायची, ऐकायची, नावं ठेवायची आणि पेटीत घालायची. सासू जशी सुना आणते तशा त्यानं तबकड्या आणल्या होत्या.

"ह्या ताटल्यांत जेवायला तर येत न्हाई," बजाबाई म्हणायची. "मग कशाला गोळा केल्यात म्हनं?"

"तुला न्हाई कळायचं. मला थेटरातली पायजे. खेळ चाललाय, मान्सं बसल्याती, आन तितंच्या तितं घ्येतल्याली. ती एक घावली की ह्या समद्या इकतो."

"पंधरा वरसं बाहेरच्या बायांस्नी परत म्हना, परत म्हना करत व्हता. आन त्या बी बाया कसल्या, मिश्या काढल्याले बाप्ये. घरात मी बोलाया लागले की मातूर पयल्यांदाच ऐकू येत न्हाई."

धुळाप्पाला खरंच ऐकू आलं नाही.

त्याचं खूळ वाढवलं ते आबासाहेबांनी. आबासाहेब माळशिरसकडचे बडे ऊसवाले. सोलापुरात बंगला बांधून राहिलेले. त्यांनी मुंबईहून विलायती संगीत नाटकाच्या दोन तबकड्या आणल्या होत्या. अख्खं नाटक तीस तबकड्यांचं. आबासाहेबांकडं मधल्याच दोन. त्यामुळं तबकडीतली बाई मरते आहे की तिचं लग्न लागतं आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तरी ते डोळे मिटून मान हलवायचे आणि दुसऱ्यानं हलवली नाही की रागवायचे. मान हलवायला माणूस कमी पडला म्हणून एकदा धुळाप्पाला बोलावणं आलं.

बाई किंचाळली, बाप्या किंचाळला, दोघं मिळून किंचाळली. धुळाप्पा जाजमावर बसून जांभया गिळत होता. गाणं संपलं आणि कर्ण्यातनं पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. धुळाप्पा ताडकन उठला.

"आबासाब, हे काय वाजलं?"

"टाळ्या रे. प्रत्यक्ष थेटरात, खेळ चालू असताना घेतलीय ही. विलायतेत आता तसं यंत्र निघालंय."

"म्हंजी गोऱ्यांच्या टाळ्या हितं माळशिरसच्या मान्साच्या बंगल्यात ऐकू येत्यात, आन सोलापूरच्या टाळ्या सोलापुरात न्हाईत?"

"सोलापूरच्या टाळ्या कोण विकत घेणार?" आबासाहेब म्हणाले.

हे वाक्य धुळाप्पाला असं लागलं, की दुसऱ्या दिवसापासनं तो हुसेनसाबच्या दुकानाच्या पायरीवरच बसायला लागला. थेटरात तबकडी घ्यायला या, असा मुंबईच्या कंपनीला कागद लिही म्हणून. गिऱ्हाईक आलं की त्यालाही सांगायचा, ही खोलीतली हाय, घिऊ नगा. शेवटी धंदा बुडायची वेळ आली तेव्हा हुसेनसाबनं कागद लिहिला. आणि नशिबाचा खेळ असा, की त्याच महिन्यात कंपनीचा साहेब आपलं यंत्र घेऊन हैदराबादेहून मुंबईला निघाला होता. वाटेत सोलापुरात एक रविवार थांबतो म्हणाला. ज्यांच्यावर गाणं आधी कोरून घ्यायचं, त्या मेणाच्या चकत्या सगळ्या हैदराबादेत संपल्या होत्या. एकच उरली होती. एक चकती म्हणजे एक गाणं, तीन मिनिटांचं.

थेटरात तेव्हा रंगनाथ कुडचीकरांच्या मंडळीचा मुक्काम होता. तो शेवटचाच. कुडचीकर स्त्री-पार्ट करायचे; वय पन्नाशीला आलेलं, पण लुगडं नेसून उभे राहिले की पाटलीणबाई वाटायचे. मंडळी मोडून ते कोल्हापूरला बोलपटात जाणार होते. त्यांची दमयंती धुळाप्पानं बावीस वेळा पाहिलेली. त्यातलं "सांग हंसा, कुठे राहिला" हे पद म्हणजे त्याचा जीव. कुडचीकरांचा एक नेमही साऱ्या मुलखाला माहीत होता: वन्समोर आला की नाकारायचा नाही. गुरूला तसा शब्द दिलेला. बार्शीला एकदा एकच पद त्यांनी सात वेळा म्हटलं होतं, आणि सातव्या वेळी नल स्टेजवर बसल्या बसल्या झोपला होता.

रविवारी दुपारचा खेळ लावला. साहेबानं स्टेजच्या कडेला यंत्र मांडलं, तारा ओढल्या. हुसेनसाबनं पडद्याच्या पुढं येऊन साहेबाचं म्हणणं सांगितलं. गाणं बरोब्बर तीन मिनिटांत बसवलं आहे. तोवर कुणी खोकू नका, शेंगा फोडू नका. गाणं संपलं की काय पाहिजे तो दंगा करा.

पिटात धुळाप्पा पहिल्या ओळीत बसला होता. हे ऐकून त्यानं शेजारच्या मायाप्पाला ढोसलं. मायाप्पा हा गिरणीतला, त्याचा पिटातला जुना सोबती.

"मायाप्पा, गानं तीन मिन्टाचं."

"व्हय."

"आन मेन बी तीन मिन्टाचं."

"आसंल की."

"मग गानं सपल्यावर दंगा केला तर तो मेनात कसा जानार?"

मायाप्पानं डोकं खाजवलं. "न्हाई जानार."

"म्हंजी परत खोलीतलीच झाली की ही. थेटरात घ्येऊन बी खोलीतलीच."

"मग आता?"

धुळाप्पानं पागोट्याचं टोक आवळलं, मांडी मोडून गुडघ्यावर बसला.

दमयंती रानात आली. साहेबानं हात खाली केला. पायपेटी वाजली आणि कुडचीकरांनी पद उचललं. त्या दिवशी गळा असा लागला होता, की हजार माणसांच्या थेटरात कुणी श्वास टाकत नव्हतं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. हंसाला विचारून झालं, झाडांना विचारून झालं. आता कुडचीकर वर चढायच्या बेतात होते. मिनिटं झाली होती दीड. नेमका अर्धा रस्ता. धुळाप्पाच्या हिशोबानं, मेणाच्या पोटात आरोळी घालायची तर ही जागा अगदी मधोमध.

"वन्समोर!"

साहेब खुर्चीतनं अर्धा उठला. हुसेनसाबनं कपाळ धरलं. पायपेटीवाल्याचे हात जागच्या जागी थांबले. आणि कुडचीकर? गुरूला दिलेला शब्द. त्यांनी पदर सावरला, पिटाकडं बघून मान लववली आणि पद पहिल्यापासनं सुरू केलं. सांग हंसा, कुठे राहिला. हंसाला विचारून झालं, झाडांना विचारून झालं, आता वर चढणार, एवढ्यात साहेबानं हात उचलला. मेण संपलं होतं.

पद पुढं चालूच राहिलं. शेवटाला पिटानं मनासारखा दंगा केला, त्यातही धुळाप्पाचा आवाज सगळ्यांत वर. ते मेणात काही गेलं नाही.

साहेब चिडून रातच्या गाडीनं गेला. दीड महिन्यानं मुंबईहून एक नमुन्याची तबकडी आली आणि तिच्यासंगं कागद, की असला माल कंपनी बाजारात आणणार नाही. हुसेनसाबनं ती फुकट धुळाप्पाच्या दारात आणून दिली. कंपनीच्या कुणाच्या नजरेला पडेल म्हणून दुकानात ठेवायला त्याला भीती वाटत होती. आबासाहेबांनाही वास लागला, ते छत्री टेकत आले. बसायला घोंगडी अंथरली, ती बोचते म्हणून उभेच राहिले.

धुळाप्पानं सुई टेकवली. सर्र आवाज झाला. मग माणसांची कुजबुज, एक खोकला, आणि कुडचीकरांचा गळा, अगदी शेजारच्या खोलीतनं यावा तसा. हुसेनसाबसुद्धा डोळे मिटून ऐकायला लागला. मधोमध आरोळी आली. बाहेर बांधलेलं मेंढरू दचकून उठलं.

"त्यो मी," धुळाप्पा म्हणाला.

मग पद पहिल्यापासनं. हंस, झाडं, वर चढायची जागा, आणि खर्र, खर्र, खर्र. तबकडी नुसतीच फिरायला लागली.

"पुढचं कुठं आहे?" आबासाहेबांनी विचारलं.

"फुडचं थेटरात ऱ्हायलं."

"म्हणजे एक पद, तेही अर्धं, आणि ते अर्धंच दोनदा? आणि मधे तू?"

"तुमचं बी मधलंच हाय की, आबासाब. मला आरोळी तरी कुनाची त्ये ठावं हाय. तुमाला बाई कशापायी वरडतीया त्ये अजून ठावं न्हाई."

आबासाहेब छत्री उचलून चालते झाले. हुसेनसाब उंबऱ्यापाशी थांबला. "धुळाप्पा, एकतीस बेचने की बात कर्या था तू. यह मिली ना अब तेरे को?"

"इकीन की. उंद्या बगू."

तो गेला. बजाबाई इतका वेळ भिंतीला टेकून लोकर पिंजत होती. तबकड्यांतल्या गाण्यांबद्दल तिनं आजवर कधी चौकशी केली नव्हती, पण हे ऐकून ती जरा गुंतली होती.

"अवं, मग फुडं काय म्हंती ती?"

"कोन?"

"त्यीच की, तुमची दमयंती. हंसाला इचारलं, झाडाला इचारलं. मग? घावला का नवरा? काय म्हंती शेवटाला?"

"शेवटाला व्हय? शेवटाला म्हंती," धुळाप्पानं तोंड उघडलं. चाल धरली. हंसापर्यंत गेला, झाडापर्यंत गेला. वर चढला आणि तिथंच थांबला. पुन्हा पहिल्यापासनं धरलं. पुन्हा तिथंच.

बावीस वेळा त्यानं ते पद ऐकलं होतं, वन्समोर धरले तर साठ-सत्तर वेळा. पण दर वेळी कुडचीकर वर चढले, की त्याचं सगळं ध्यान आरोळीकडं लागायचं. छाती भरून घ्यायची, घसा साफ करायचा, दुसऱ्या कुणी आधी ओरडू नये म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातनं मायाप्पावर नजर ठेवायची. शेवटची ओळ त्याच गडबडीत निघून जायची. नल घावला की नाही, हे त्याला कधी ऐकूच आलं नव्हतं. कुडचीकर तर कधीच कोल्हापूरला गेले होते.

"आटवंना?" बजाबाईनं विचारलं.

"घसा बसलाय."

"बरं. तकडं ताना खुटीला ताणलाय सकाळपस्नं. खळ घट झाली तर मी परत चिंचोकं शिजवायची न्हाई, सांगून ठिवते."

धुळाप्पानं यंत्राची चावी सैल केली. अंगणात आला. खुंट्यांना ताणलेल्या उभ्या सुतावर हात फिरवून बघितला, दोन धागे तुटले होते ते गाठवले. मग चिंचोक्याच्या खळीच्या मडक्यात कुंचा बुडवला आणि एका टोकापासनं सूत सारवायला लागला. मडकं निम्मं झालं तेव्हा बजाबाईनं हाक मारली, भाकरी झालीया म्हणून. त्याला ऐकू आलं. येतो म्हणाला, आणि ऊन होतं तोवर कुंचा मारत राहिला.