तिच्या वाटचे ठिपके

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. आमची पोरगी सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होती. सुट्टीला साताऱ्याला आली ती प्लॅस्टिकचे दोन पारदर्शक कागद घेऊन. दोन्हींवर नुसते काळे ठिपके, वारूळ फुटून मुंग्या पसरल्यागत. एकेकटा बघितला तर काही नाही. एकावर एक नेमके बसवले की लपवलेलं दिसतं, असं तिचं म्हणणं. एक कागद तिच्या आईला, एक मला. आत काय घालायचं ते आईनंच आधीच्या सुट्टीत तिच्या कानात सांगितलेलं.

मी दोन्ही जुळवून दिव्यापुढं धरले. राखच राख.

"मला तर काय बी दिसंना."

"आबा, पांढरं पांढरं राहत न्हाई, करडं होतं. त्यातनं काळं निवडायचं काम डोळ्याचं. म्हणून तर अक्षरं लय जाड काढलीत."

"मग डोळाच बाद हाय म्हण की."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणायचे, पिकू द्या, मग काढू.

बायकोला म्हणालो, "तूच सांग, काय घातलंयस?"

"आवं, तोंडानं सांगता आलं असतं तर पोरीला कामाला कशाला लावलं असतं? आदी डोळं करून घ्या."

तिनं दोन्ही कागद देव्हाऱ्यामागं ठेवले.

मोतीबिंदू पिकायच्या आत कावीळ होऊन ती गेली. पोरीला विचारलं, तर "आईनं शपथ घातलीया" म्हणून रडायलाच लागली. परत विचारलं नाही.

पुढं ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला. सगळे म्हणाले, आता लख्ख दिसेल. लख्ख बघण्यासारखं घरात राहिलं होतं काय? चहा मीच करायचा, मीच प्यायचा.

एका दुपारी कागद काढले. हातात धरून बघितले, केसभर सरकलं की परत राख. शेवटी खिडकीची काच ओली करून एक चिकटवला, त्यावर पाणी लावून दुसरा, आणि नखानं सरकवत बसलो. जवळनं ठिपकेच ठिपके. दमून खाटेवर येऊन टेकलो, तर लांबून अक्षरं उभी राहिली.

माझं नाव होतं.

लग्न झाल्यापासून तिनं ते एकदाही घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तरी शेजारणीला सांगायला लावायची. उखाणा घे म्हटलं की तोंडाला पदर.

बसल्या जागी मी ओ दिली. मग पाणी वाळलं आणि वरचा कागद घसरला.