नवव्या पडद्यावरची चूक

फ्लेमेंको ही स्पॅनिश ढंगाची गिटार मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी शिकायला घेतली. शाळा पेडण्याला, तिथे विज्ञान शिकवते, घर डिचोलीला. फ्लेमेंको शिकवणारं जवळपास कोणी नव्हतं, म्हणून पुस्तकं मागवली. मोठ्या स्पॅनिश वादकांचं वादन ऐकून कोणीतरी सूर न् सूर कागदावर उतरवतो, तशी ही पुस्तकं असतात.

पहिलं पुस्तक जाडजूड होतं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर लाल झग्यातली नाचणारी बाई. मी त्याला कौतुकाने प्लास्टिकचं कव्हर घातलं. त्यातली एकच रचना पाच महिने वाजवत होते आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी दर वेळी अडकत होते. तिथे पहिलं बोट गिटारच्या दांडीवरच्या दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर ठेवून करंगळी थेट नवव्यावर न्यायची होती. आपली बोटंच आखूड, असं मी मान्य करून टाकलं होतं. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसायची.

माझे यजमान पणजीच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतात. गिटारमधलं त्यांना काही कळत नाही. एका रविवारी चहात उंडा पाव बुडवता बुडवता त्यांनी ते पुस्तक ओढून घेतलं.

"हे आकडे कसले?"

"सहा रेघा म्हणजे सहा तारा. आकडा म्हणजे पडदा. तिथे बोट दाबायचं."

"आणि वरचे ठिपके?"

"तेच सूर, पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेले."

"म्हणजे एकच मजकूर दोन लिप्यांत," असं म्हणत त्यांनी चष्मा पुसला आणि ते लाल पेन शोधायला उठले. दुपारचं जेवण आता उशिरा होणार, हे मला कळून चुकलं.

अर्ध्या तासाने हाक आली. "हे बघ गो. हा ठिपका वरच्या ओळीत आहे, तोच इथे खाली, त्याच रेघेवर. तारही तीच. तिथे चार लिहिलंय, इथे नऊ. दोन्ही खरं कसं असेल?"

मी गिटार घेतली आणि नवाच्या जागी चार वाजवलं. हात अलगद बसला. फोनवर मूळ वादन अर्ध्या वेगाने लावलं, तर सूर तोच. मला इतकं हसू आलं की गिटार मांडीवरून घसरली. ते मात्र गंभीरच.

"थांब, या तालाच्या आवर्तनात बारा मात्रा म्हणाली होतीस ना? इथे अकराच आहेत."

संध्याकाळपर्यंत आठ पानांवर सतरा लाल खुणा झाल्या.

दुसरं पुस्तक मागवलं ते बारीक निघालं. दोन पिना मारलेलं, छपाई फिकट. त्यांनी ते शेवटून उघडलं. शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याने नोंदवलं होतं, की अमुक दोन जागी ध्वनिमुद्रण अस्पष्ट आहे, मला वाटलं ते लिहिलंय, वेगळंही असू शकेल.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले.

"मी वाजवून बघायच्या आधीच?"

"कुठे ऐकू आलं नाही ते ज्याला सांगावंसं वाटतं, त्याने बाकीचं नीट ऐकलेलं असतं."

तरी मी आठवडाभर ओळ न् ओळ मूळ वादनाशी ताडून पाहिली. एकच सूर गिटारवर तीन जागी सापडतो. या माणसाने तो नेमका तिथे ठेवला होता, जिथून पुढचा सूर बोटाखालीच येतो. लिहिताना त्याच्या हातात गिटार होती, हे माझ्या हाताला कळत होतं.

चतुर्थीच्या सुटीत या पुस्तकातली अख्खी रचना पहिल्यांदा सलग वाजवली. ते समोर बसून, एक नजर माझ्या बोटांवर ठेवत, पुस्तकातल्या ओळींवरून बोट फिरवत होते.

"एक चूक आहे," शेवटी म्हणाले. "तिसऱ्या ओळीत. पुस्तकात नाही."

मी ती ओळ पुन्हा वाजवत होते, तेवढ्यात शेजारची वहिनी कुंपणाशी आली. तिला ते रेडिओवर चाललंय असं वाटलं होतं. म्हणाली, "आवाज जरा वाढवा ना."