टीचरांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली कापलेली तार

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत मला शॉक बसला होता. टीव्ही बंद होता, पिनही काढलेली होती, तरी मी मागच्या बाकावर जाऊन आदळले. बंद सेटमधल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पुढे द्वारका चौकाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हा मी ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर असली कमी व्होल्टेजची कामं मागून घ्यायचे. कारण कुणाला सांगितलं नाही. पुरुषांच्या दुकानात एकटी बाई; आधीच सगळे माझ्या हातांकडे बघत असायचे.

नव्वदचं दशक संपत आलेलं. एका दुपारी देवळाली कॅम्पातून एक निवृत्त संगीत शिक्षिका रिक्षानं आल्या. बरोबर एक जड पेटी होती : काचेच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, जुना गिटार अ‍ॅम्प्लिफायर. त्यांचे यजमान कॅम्पातल्या कार्यक्रमांत त्यावर वाजवायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

"नाताळच्या प्रार्थनेला मी वाजवणार आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनीच शिकवलं मला. पण हा आता नुसता घोंघावतो."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये चारशेच्या वर व्होल्टेज असतं, हे मला ठाऊक होतं. तरी तोंडातून निघालं, "करते, टीचर."

आतले कंडेन्सर वाळून गेले होते. ते सगळे बदलले. झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला होता. त्यात स्पीकरच्या बाजूनं एक तार निघून मागे, सुरुवातीच्या व्हॉल्व्हकडे जात होती. पेटीत मात्र ती तार मधेच तुटलेली. सापडला दोष, असं वाटून मी ती सोल्डरचा डाग देऊन जोडली.

दुसऱ्या दिवशी टीचर आल्या आणि मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. मग पेटीतून एक किंकाळी सुटली. गिटार जोडलेली नव्हती, आवाजाचं बटण शून्यावर होतं, तरी ती चढतच गेली. काउंटरची काच थरथरायला लागली. एका मोठ्या व्हॉल्व्हच्या आतला पत्रा तापून लाल होत होता. बटण हातभर अंतरावर होतं आणि माझा हात उचलेना. शेवटी टीचरांनीच पुढे होऊन ते बंद केलं.

"गेला का हो?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही.

पुढचे तीन दिवस त्या पेटीवर मी कापड टाकून ठेवलं. साधा रेडिओ उघडतानाही बोटं आखडायची. रविवारी बसनं देवळालीला गेले. तिथे सैन्यातून निवृत्त झालेले एक रेडिओ मेकॅनिक राहायचे, मूळचे सायखेड्याचे. दुकानात सगळे त्यांना काका म्हणत. मी त्यांच्यापुढे नकाशा ठेवला आणि सगळं सांगितलं.

"ही तार कशासाठी हाय, ठाव हाय का?" त्यांनी विचारलं.

"निगेटिव्ह फीडबॅक. परीक्षेत लिहिलं होतं."

"लिहिलं असशील. आता ऐक. स्पीकरकडं निघालेल्या आवाजातला थोडासा मागं आणायचा आणि उलटा करून मूळ आवाजात मिसळायचा. सेटनं पदरचं जे काय घातलं, ते बरंचसं वजा होतं. आवाज सुधारतो, घोंघावणं कमी होतं. पण तोच आवाज सुलटा मिसळला तर?"

"वजा व्हायच्या ऐवजी वाढेल."

"वाढलेला परत मागं येईल, आणखी वाढेल. तुझा सेट तेच करत हुता. आन् पोरी, तार तुटली नव्हती. टोक बघ जाऊन."

मी जाऊन पाहिलं. टोक पकडीनं सरळ कापलेलं होतं. जवळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही कधीतरी बाहेरून गुंडाळून आणलेला दिसत होता. तो बसवताना दोन तारांची अदलाबदल झाली असणार, म्हणून मागे येणारा आवाज सुलटा मिसळत होता. किंकाळी ऐकून कुणीतरी मागे जाणारी तारच कापून टाकली होती.

त्या दोन तारा आता पुन्हा बदलायच्या होत्या, आणि त्या होत्या नेमक्या सगळ्यात जास्त व्होल्टेजवर. काका दुकानात आले खरे, पण त्यांचे हात कापायचे. "मी नुसता बसणार," ते म्हणाले. "एक हात खिशात ठेव, म्हंजे वीज छातीतनं जायची न्हाई."

सगळे व्हॉल्व्ह काढून, विजेच्या वाटेत सिरीजचा बल्ब लावून आम्ही आधी नुसता वीजपुरवठा तपासला. बल्ब मंद पेटला, म्हणजे शॉर्ट नव्हतं. बटण बंद केलं, पिन काढली, कंडेन्सरवर मीटर लावला. शून्य. मी सोल्डरिंग आयर्न उचललं.

"थांब! मीटर खरं बोलतोय का?"

मी मीटर भिंतीवरच्या चालू बोर्डात लावून पाहिला. तिथेही शून्य. त्याची वायर आतून तुटलेली होती. दुसरी वायर लावून पुन्हा कंडेन्सरवर धरला, तर काटा तीनशेच्या पुढे गेला.

मी खाली फरशीवरच बसले. काकांनी घाई केली नाही. पाणी आणायला सांगितलं आणि शेजारी बसून राहिले. थोड्या वेळानं उठून मी मोठा रेझिस्टर पकडीत धरून ती वीज उतरवली, काटा शून्यावर आला, तरी मीटर पुन्हा बोर्डात तपासला. मग तारा बदलल्या. व्हॉल्व्ह बसवून सेट चालू केला, तेव्हा मी दाराशी उभी होते. नुसती बारीक सरसर ऐकू आली.

टीचरांनी वाजवून पाहिलं. "छान आहे. पण यांचा आवाज असा नव्हता. खरखरीत असायचा."

मी त्यांना कापलेल्या तारेचं सांगितलं. त्यांची बोटं गिटारवर थांबली.

"म्हणजे यांनीच कापली? तेही घाबरले होते? मला कधी बोलले नाहीत." मग म्हणाल्या, "राहू दे जोडलेली."

नाताळच्या प्रार्थनेला त्यांनी मला बोलावलं. सगळे गात होते आणि मी भिंतीशी, पिनेजवळ हात ठेवून, व्हॉल्व्हमधला पत्रा लाल होतोय का ते बघत उभी होते. तो झाला नाही. बाहेर पडताना कुणीतरी विचारलं, शेवटचं गीत कसं वाटलं. मी छान म्हणाले. मला त्यातला एक सूरही आठवत नव्हता.