कवळीवाला आणि देवाच्या खुणा

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर हिरड्यांचा ठसा घेऊन पाठवतात, हे त्यात प्लास्टर ओततात, मेणात एकेक दात बसवतात, आणि तयार कवळी घालून बघायला गिऱ्हाईक आमच्या दुकानात येतं. हात सोन्याचा आहे, हे मीसुद्धा मान्य करते. फक्त या सोन्याच्या हाताला देवाला विचारल्याशिवाय चहाचा कपही उचलता येत नाही.

लग्न झालं तेव्हा मला वाटलं, काय भक्तिमान नवरा पदरात पडला! मग हळूहळू पद्धत कळली. हे प्रभूकडे खूण मागतात, पण खुणेची अट स्वतः ठरवतात. दुकानात नवी खुर्ची घ्यायची होती, तेव्हाची अट अशी: उद्या सकाळी कुलूप पहिल्या फटक्यात उघडलं, तर ही तुझीच इच्छा. कुलपाला आदल्या संध्याकाळी तेल कोणी घातलं, ते मी पाहिलं होतं. माझ्या मावशीला चार दिवस राहायला बोलवायचं होतं, तेव्हाची अट अशी: दुपारच्या आत तीन टकले गिऱ्हाईक म्हणून यावेत. दोन आले. तिसऱ्याच्या मानेवर थोडे केस होते. हे म्हणाले, प्रभूची इच्छा दिसत नाही. मावशी अजून आलेली नाही.

हे सगळं दर रविवारी चर्चमध्ये, उपासनेत, देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष म्हणून सांगायचं. पाळकसाहेबांनी "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" असं म्हणायचा अवकाश, की हे उभे. मंडळी आता यांच्याकडे मान वळवूनच बसते. खुर्चीची साक्ष तर वीस मिनिटं चालली. त्यात तेलाचा उल्लेख नव्हता.

दुकानातही तेच. कुणी म्हणालं, कवळी जरा टोचते, तर उत्तर ठरलेलं: "सवय होईल. प्रार्थना करा." आणि लगेच पुढच्या माणसाला हाक. माणसं बिचारी मान डोलवून जायची. कवळी आणि देव दोन्ही एकाच्याच हातात, तक्रार करायची कुणाकडे?

तर अशा या माणसानं सख्ख्या थोरल्या भावाशी सात वर्षं अबोला धरला होता. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. आमच्या सासऱ्यांसाठी यांनी एक कवळी केली होती. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, असं स्वतःच म्हणायचे. सासरे या थोरल्या भावजींकडे राहत, आणि आम्ही महिन्यातून एकदा जेवायला जात असू. चार वर्षांनी सासरे गेले. भावजींनी त्यांना आंघोळ घातली, कोट चढवला, शवपेटीत नीट निजवलं, पण कवळी पेल्यातच ठेवली. सगळी मंडळी शेवटचं दर्शन घेत होती आणि सासऱ्यांचं तोंड आत गेलेलं. "माझ्या बापाला बोळकं करून पाठवलंस," असं हे भर दफनभूमीत भावाला बोलले. भावजी गप्प राहिले. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मीही तेव्हा मनात म्हटलं होतं, काय हा निष्काळजीपणा.

गेल्या सोमवारी जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीनं दोघांना दूर आपल्याकडे कायमचं बोलावलं होतं. शनिवारी सकाळी निघणार. भावजींचं वय बघता ते परत कशाला येतात! जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "जाण्याआधी दोघांनी एकमेकांचं तोंड बघावं."

यांना सांगितलं. हे गंभीर झाले आणि म्हणाले, विचारून बघतो. मला समजायला हवं होतं, की भावाच्या वाटणीला तेलाचं कुलूप येणार नाही. अट ठरली ती अशी: वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी आपणहून चौकशी केली, तर जाईन. हे वकील वीस वर्षांत आमच्या घरातल्या कुणाशी बोललेले नाहीत. जिन्यात समोर आले, की भिंतीकडे बघतात.

गुरुवारी दुपारी हे जेवायला आले ते पांढरेफटक पडून. जिन्यात वकील थांबले होते. म्हणाले होते, "काय, बरे आहात ना?"

मी हातातली पळी खाली ठेवली आणि म्हटलं, चला, संपलं. तर हे म्हणतात कसे, एवढ्या मोठ्या गोष्टीला एक खूण पुरत नाही, खात्री करून घ्यायला हवी. मग दुसरी अट. शुक्रवारी दुपारपर्यंत ती पुरी झाली नाही, आणि यांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली, ती बघून माझं डोकं सणकलं. देवाला वाट विचारणारा माणूस पाहिला होता. वाट दिसू नये म्हणून देवालाच आडोसा करणारा मी घरातच पोसत होते.

मी चपला घातल्या, यांना बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावलं. म्हटलं, "अहो, देव काही तुमचं गिऱ्हाईक नाही, पुन्हापुन्हा फेऱ्या मारायला. मी भावजींकडे चालले. घराची आणि दुकानाची किल्ली माझ्याजवळ आहे. तुम्ही बसा जिन्यात, खुणेची वाट बघत."

दुसऱ्या वळणावर मागून पावलं ऐकू आली.

भावजींच्या घरात खोक्यांचा डोंगर होता. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. कपबश्या बांधून झालेल्या, म्हणून जाऊबाईंनी स्टीलच्या वाट्यांत चहा दिला. भावजी यांना बघून उठून उभे राहिले. आणि सात वर्षांनंतर आमच्या या शहाण्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "दादा, बाबांची कवळी कुठंय?"

भावजी म्हणाले, राहू दे आता. हे हटून बसले. शेवटी भावजींनी खोक्यांना हात न लावता स्वतःच्या प्रवासाच्या पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली. आत रुमालात गुंडाळलेली कवळी होती.

हे ती घेऊन खिडकीपाशी गेले. आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. डाव्या बाजूची कड कुणीतरी घासून घासून अर्धी केली होती, नखं घासायच्या कानशीनं, कारागिराच्या नव्हे अशा ओबडधोबड हातानं. मागच्या कोपऱ्यात कापसाचा बोळा चिकटून वाळला होता. ज्यानं हजारो कवळ्या केल्या, त्याला यापुढे काही सांगावं लागत नव्हतं.

"दुखायची त्यांना?" यांनी खिडकीकडेच बघत विचारलं.

"तू येणार असलास की घालायचे," भावजी म्हणाले. "तू गेलास की काढून पेल्यात. पहिल्या दिवशी सांगितलं होतं त्यांनी तुला, टोचते म्हणून. तू म्हणालास, सवय होईल. शेवटी मला म्हणाले, मी गेल्यावर तरी ती माझ्या तोंडात घालू नकोस रे. आणि धाकट्याला कळू देऊ नकोस."

देवाची कुजबुज ऐकायला कान टवकारून बसलेल्या माणसाला, समोर बसून जेवणाऱ्या बापाचं दुखणं चार वर्षं ऐकू आलं नव्हतं. आणि थोरल्यानं ते लपवण्यासाठी सात वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या. मला रडू आलं. यांच्यासाठी थोडं, भावजींसाठी खूप.

हे एका खोक्यावर बसले, भावाचा हात धरला आणि माफी मागितली. कुठलीही अट न घालता.

शनिवारी खोकी गाडीत चढवायला हे पहाटेच गेले होते. रविवारी पाळकसाहेबांनी साक्षीचं विचारलं, आणि सगळ्या माना सवयीनं आमच्याकडे वळल्या. हे बसून राहिले.

सोमवारी मी डबा घेऊन दुकानात गेले. खुर्चीत एक म्हातारबाबा नवी कवळी घालून बसले होते. यांनी विचारलं, टोचते का? म्हातारबाबा भिडस्त. म्हणाले, नाही नाही, छान आहे, होईल सवय.

हे स्टूल ओढून त्यांच्या समोर बसले. बाहेर तिघं ताटकळत होते.

"खरं सांगा, बाबा," हे म्हणाले. "कुठं दुखतं?"

आणि ते सांगेपर्यंत हे गप्प बसून राहिले.