हँडलचे छरे

मोटारसायकलच्या हँडलखाली लोखंडी वाट्यांमध्ये, ग्रीसमध्ये रुतवलेले छरे असतात. वरचा नट सैल राहिला तर ब्रेक मारताना पुढून टकटक येते. जास्त आवळला तर हँडल वळायला कुरकुरतं. या दोन्हींच्या मधली जागा धायरीचे मेकॅनिक मैनुद्दीन बोटांनी शोधत. पुढचं चाक अधांतरी उचलायचं, हँडलच्या टोकाला दोन बोटं लावून हलकेच ढकलायचं. सगळा धंदा त्या दोन बोटांवर उभा होता.

त्या दिवशी जुने गिऱ्हाईक तात्याराव एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा परत आले.

"मैनुद्दीनभाई, गाडी सरळच जाते. खडकवासल्याला निघालो असतो तर थेट धरणात उतरलो असतो."

"जरा आवळलं असेल."

"जरा? वळायच्या आधी अर्ज करावा लागतोय."

मैनुद्दीन हसले नाहीत. दोन्ही वेळा बोटांनी काहीच सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी त्याचा अर्थ 'ठीक आहे' असा लावला होता. शुगर जुनी. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पायांना टाचणी टोचून पाहिली, तेव्हा हातांचा विषय मैनुद्दीननी काढलाच नाही. घरी बायकोला, नसीमबानूलाही सांगितलं नाही.

नट खोलून, वाटी पुसून त्यांनी नवं ग्रीस भरलं आणि छरे दाबून बसवू लागले. तात्याराव वाकले.

"अहो, रक्त येतंय."

"कुणाचं?"

तात्यारावांनी त्यांच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. वाटीच्या धारेनं मांस उघडं पडलं होतं. मैनुद्दीननी अंगठा पेट्रोलच्या डब्यात बुडवला आणि वाट पाहिली.

"झोंबत नाही?"

"नाही."

अंगठ्याला चिंधी गुंडाळून त्यांनी लाल झालेलं ग्रीस काढून टाकलं, पुन्हा भरलं. नटापाशी आल्यावर पाना थांबला.

"आपण हँडल फिरवा. मी आवळतो. धरलं की सांगा."

तात्याराव हँडल हळूहळू फिरवू लागले. "सैल आहे... अजून... धरलं. किंचित मागे. हां, आता बरोबर."

गाडी खाली उतरते आहे तोच अक्षता नावाची कॉलेजची मुलगी स्कूटर घेऊन आली.

"काका, ब्रेक मारला की पुढून टकटक येतेय."

"हँडलचं काम आहे. पुढच्या चौकात दाखव."

"पण तुमच्या बोर्डवर लिहिलंय ना!"

"बोर्ड जुना आहे," मैनुद्दीन म्हणाले.