सतराच्या पाढ्याची वाट

लटारी गुरुजी जंगलात शिरले की ओरडत. बोलत नसत, गात नसत, सरळ ओरडत. आणि ओरडत काय, तर पाढे. गावाबाहेरच्या बोडीची, म्हणजे तळ्याची, पाळ ओलांडली, धानाची शेवटची बांधी मागे पडली आणि सागाची सावली अंगावर आली, की त्यांचा एरवीचा पुटपुटता आवाज डफडं बडवावं तसा निघायचा. "सतरा एके सतरा!" त्यांच्या मागेपुढे आम्ही पोरं, एका रांगेत, तेवढ्याच जोरानं. आमच्या आवाजानं पोपटांचे थवे उडायचे. वानरं फांद्यांवरून वाकून बघायची. त्यांनाही सतराचा पाढा बराचसा येत असावा. माझ्यापेक्षा बरा, असं माझा भाऊ म्हणायचा.

गुरुजी जाऊन आता काही वर्षं झाली. हल्ली माझ्या भाच्यांना पाढे पाठ होत नाहीत, म्हणून त्यांना ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती येताना दिसली तरी ते उठून जातात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावी. कागद उठून जात नाही.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. सगळा चांदा जिल्हाच, आणि आमचं गाव त्याच्या दक्षिणेच्या जंगलात, मुलचेऱ्याच्या अलीकडे. शाळा पलीकडच्या गावात. मधे दाट जंगल आणि त्यातून गेलेली बैलगाडीची वाट. गुरुजी राहायचे आमच्या गावात आणि शिकवायचे त्या गावात, म्हणून रोज सकाळी आम्हाला गोळा करून घेऊन जायचे. माझी आई मात्र म्हणायची, "मास्तर पोरायले शिकवाले नाई नेत, सोबतीले नेते."

ते खोटं नव्हतं. गुरुजी भित्रे होते. उंचीनं ताडासारखे, पण पालीला भीत, विजेला भीत, तपासणीला येणाऱ्या डिप्टीसाहेबांना तर इतके भीत, की साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटायचं. मास्तरीणबाई विहिरीवर सांगायच्या, "घरी इच्चू निंगला का मी मारतो, अन् हे खाटेवर उभे राहून पाढे म्हणतेत." रांगेत गुरुजी कधी पुढे नसत, कधी मागे नसत, बरोब्बर मधे. पुढे चार पोरं, मागे चार पोरं, मधे गुरुजी आणि बगलेत काळी छत्री, बाराही महिने.

सगळ्यात जास्त भीती त्यांना वाघाची. त्याचं नाव ते घेत नसत. नुसतं "तो" म्हणत. "त्याले कल्ला आवडत नाई," असं त्यांचं शास्त्र होतं. एकदा मी विचारलं, "मंग गाणं काऊन नाई म्हणत जी आपण?"

"गाण्यात पोरं रमते अन् चालणं विसरते," गुरुजी म्हणाले. "पाढ्यात कोनी रमत नाई."

पाढा म्हणायचा म्हणजे नुसता म्हणायचा नाही. वाटेवरच्या प्रत्येक खुणेला त्यांनी एकेक ओळ बांधून दिली होती. बोडीची पाळ म्हणजे सतरा एके. दोन खोडांचा मोह म्हणजे सतरा दुणे. मग मुंग्यांचं वारूळ, मग वाकलेलं येनाचं झाड, मग नाला. नाल्याच्या दगडावर पाय ठेवला की 'सतरा पंचे पंच्याऐंशी'. त्यापुढे वीज पडलेला साग. त्याचं एक जळकं खोड, खोडात रिकामी ढोली, आणि बुडाशी फुटलेले दोन नवे धुमारे. एक, शून्य, दोन. सतरा सक एकशे दोन. जन्मात विसरणार नाही. त्यानंतर वळणावर एक मोह, एक येन आणि पलीकडे बांबूचं बेट: एक, एक आणि नऊ. बांबू नऊच होते असं नाही, चांगले पन्नास-साठ असतील. पण गुरुजींनी नऊ म्हटले म्हणजे नऊ.

या पद्धतीचा एकच तोटा होता. वर्गात विचारलं तरी आम्हाला चालावं लागायचं. एकदा डिप्टीसाहेबांनी माझ्या भावाला, शंकरला, उभं केलं. "सतरा साते?" शंकरनं डोळे मिटले आणि जागच्या जागी पावलं टाकू लागला. साहेब बघतच राहिले. "अरे, उत्तर दे! डोळे काय मिटतोस?" शंकर म्हणाला, "थांबा ना जी साहेब, मी आत्ता नाल्यापाशी आहो." गुरुजींच्या हातातला खडू गळून पडला. पण शंकर बांबूपर्यंत पोचला आणि त्यानं उत्तर बरोबर दिलं. साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे, गुरुजी मात्र दोन दिवस तापानं पडून होते.

आणि एक नियम होता. प्रत्येक खुणेपाशी सगळ्यांनी गोळा व्हायचं. ज्याची पाळी त्यानं ती ओळ म्हणायची. चुकला, तर सगळ्या रांगेनं मागच्या खुणेपर्यंत परत जायचं. तिथं चुकणाऱ्यानंच तिथली ओळ म्हणायची. बरोबर आली तर पुढे, चुकली तर आणखी एक खूण मागे. जंगलात मागे जाणं म्हणजे जंगलात जास्त वेळ राहणं. त्यामुळे कुणी चुकत नसे. "भेणं चांगलं," गुरुजी म्हणायचे. "भेलं का ध्यानात राह्यते."

माझ्या बाबतीत हे शास्त्र लंगडं पडलं. मी इतकी भ्यायची, की ध्यानात काहीच राहायचं नाही. बांबूपाशी माझी पाळी आली, की माझं लक्ष त्या बांबूच्या आतल्या काळोखाकडे. वाऱ्यानं बांबू एकमेकांवर घासून करकरायचे आणि सगळे आकडे डोक्यातून पळून जायचे. मग माझ्यापायी सगळी रांग परत विजेच्या सागापर्यंत. पोरं मला चिमटे काढायची. शंकर म्हणायचा, "गुरुजी, हिले घरीच ठेवा ना जी. आमाले एक दिवस हिच्यापायी खाते तो."

मी दहा वर्षांची होते, त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी धुकं होतं. पुढच्या पोराची पाठ दिसायची, त्याच्या पुढच्याची नाही. धुक्यात आवाजही ओला होतो, लांब जात नाही. म्हणून गुरुजी जास्तच ओरडत होते. बांबूपाशी आम्ही त्यांच्याभोवती गोळा झालो. पाळी माझी. आदल्या रात्री बापानं माझ्याकडून ती एक ओळ जेवण होईपर्यंत घोकून घेतली होती. मी मोहाकडे पाहिलं, येनाकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलंच नाही, आणि म्हटलं, "सतरा साते एकशे एकोणीस!"

मी मान वर केली. गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होते.

"चुकलं," ते म्हणाले. "एकशे एकवीस."

मला रडूच कोसळलं. "नाई जी गुरुजी! एकशे एकोणीस! एक, एक अन् नऊ!"

"सुमीचं बराबर हाये," शंकर म्हणाला. माझ्या बाजूनं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता. आणि मग त्याच्या लक्षात आलं. "गुरुजी चुकले! ए, गुरुजी चुकले!"

असा आनंद आम्हाला दिवाळीतही झाला नव्हता. पोरं उड्या मारायला लागली. गुरुजी म्हणाले, "चुकलो. नियम म्हणजे नियम. फिरा मागं. पळाचं नाई, रांगेनं. अन् पाढा म्हणत जा, जोरानं." मग नेहमीसारखे मधे न येता ते बाजूला झाले. "तुमी व्हा समोर. मी येतो मागून."

विजेच्या सागापाशी आम्ही थांबलो. आता गुरुजींची पाळी. ते धुक्यात जरा मागेच उभे होते, आमच्याकडे पाठ करून. "सतरा सक," ते म्हणाले, "एकशे चार."

"पुन्हा चुकले! मागं, मागं!"

नाल्याच्या दगडावर त्यांनी पंच्याऐंशीचे नव्वद केले. येनापाशी चुकले, वारुळापाशी चुकले. पोरं हसून हसून वाकत होती. शंकर तर गुरुजींच्याच आवाजात ओरडत होता, "भेलं का ध्यानात राह्यते!" रांगेत शेवटून दुसरी मी, माझ्यामागे गुरुजी. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. थंडीच्या दिवसांत माझ्या झग्याचा खांदा त्यांच्या घामानं भिजला होता. मला वाटलं, एवढं चुकले म्हणून त्यांना लाज वाटून राहिली असेल. मला त्यांची दया आली. साते आपल्याला येतो आणि गुरुजींना येत नाही, हे सुखही थोडं होतंच.

दोन खोडांच्या मोहापाशीही चुकले. तिथं त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि मला पुढे लोटलं. आम्ही बोडीच्या पाळीवर चढलो. तिथं धुकं विरळ होतं. खाली बांध्यांमध्ये धानाची कापणी चालली होती, बापाचं डोकं दिसत होतं. गुरुजी अजून धुक्यातच होते. तिथून त्यांचा आवाज आला.

"सतरा एके अठरा."

कुणी हसलं नाही. सतरा एके सतरा आमच्या घरच्या कोंबड्यांनाही येत होतं. शंकरनं माझा हात धरला. आम्ही सगळे त्या पांढऱ्या धुक्याकडे बघत उभे राहिलो. त्यातून आधी गुरुजींची पाठ निघाली. ते उलट्या पावलांनी चालत येत होते, तोंड जंगलाकडे. आणि पुढे, ढाल धरावी तशी, उघडलेली काळी छत्री.

पाळीवर पाय लागताच ते मटकन खाली बसले. बाप धावत आला. गुरुजी त्याला हळूच म्हणाले, "बांबूपाशी हाये, भाऊ. वाटेवर गाय मारून बसला."

मग डफडी निघाली, रॉकेलचे डबे निघाले, गावातले गडी कुऱ्हाडी घेऊन गेले. गाय होती. आमच्या पावलांवर त्याची पावलं होती, विजेच्या सागापर्यंत. तिथून तो वळून गेला होता. हे ऐकल्यावर पोरं एकदम रडायला लागली. मीही रडले, पण खरं सांगायचं तर माझं रडणं वेगळं होतं. माझं एकशे एकोणीस बरोबर होतं आणि तसं गुरुजी मला अजून म्हणाले नव्हते. गुरुजींना पाणी पाजणं चाललं होतं तेवढ्यात मी जाऊन विचारलंच. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दातावर दात आपटत होते. "तुयंच बराबर होतं, बाई," म्हणाले.

पुढे गावात त्यांना कुणी शूर म्हणू लागलं की ते चिडत. "कायचा शूर? सर्वायच्या आंधी मी भेलो. जो आंधी भेते, त्याले आंधी दिसते." कुणी विचारलं, पोरांना पळा का नाही म्हटलं, तर म्हणायचे, "पळा म्हटलं असतं तर पळाले असते ना. पळणाऱ्याच्या मांगं तो लागते. हसणाऱ्याच्या मांगं नाई लागत." काही दिवस शाळा बंद राहिली. मग एका सोमवारी ते पुन्हा आम्हाला गोळा करायला आले. रांगेच्या बरोब्बर मधे, आवाज पूर्वीपेक्षा मोठा. आणि पुन्हा कधी चुकले नाहीत.

माझं लग्न होऊन मी चंद्रपूरला आले. बऱ्याच वर्षांनी गुरुजीही आले, मुलाकडे, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मास्तरीणबाई गेल्या होत्या. गुरुजींच्या छातीत पाणी झालं होतं. मी दुपारी जाऊन बसायची. बोलायला फारसं उरलं नव्हतं, म्हणून आम्ही पाढे म्हणायचो. मी विचारायची, ते डोळे मिटायचे आणि चादरीखाली पावलं हलायची. नाला यायचा, साग यायचा. पंख्याच्या आवाजात मला वानरंसुद्धा ऐकू यायची.

एका दुपारी मी विचारलं, "सतरा सक?"

पावलं हलली, थांबली. "एकशे चार."

मी हसले. शंकरसारखं ओरडलेच, "गुरुजी चुकले!" आणि ते हसू माझ्या तोंडातच राहिलं. गुरुजींनी डोळे उघडले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. मी वळून पाहिलं. दार होतं, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल होता, उन्हाचा पट्टा होता. दुसरं काही नव्हतं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, त्या खुर्चीवर पुन्हा दहा वर्षांची झाले.

"काय दिसून राह्यलं जी, गुरुजी?"

"काई नाई. तू फिर मांगं." त्यांचा हात माझा खांदा शोधत होता. मी खांदा पुढे केला. त्यांनी मला दाराकडे लोटलं. "पळू नको, बाई. पाढा म्हणत जा."

"अन् तुमी?"

"तू हो समोर. मी येतो मागून."

मी त्यांच्या सुनेला आत पाठवलं आणि निघाले. थांबायला हवं होतं, असं शहाणी माणसं म्हणतील. पण गुरुजींनी मागे फिरा म्हटल्यावर आमच्यातलं कुणी कधी थांबलं नव्हतं. भर दुपारी, चपला हातात धरून, पानठेल्यावरच्या लोकांदेखत, मी मोठ्यानं म्हणत चालले: सतरा पंचे, सतरा चोक, सतरा त्रिक, सतरा दुणे. आमच्या घराच्या पायरीवर आले. सतरा एके म्हटलं आणि वळून गल्लीकडे पाहत उभी राहिले.

त्या दिवशी, बोडीच्या पाळीवर, ते खरंच मागून आले होते.